पाचवीतल्या मुलासाठी वाचनालय

प्रश्न : आम्ही भिवंडीत यंत्रमागांच्या वस्तीत राहतो. मुलगा पाचवीत आहे. अभ्यासाव्यतिरिक्त काहीच वाचत नाही. वाचनालयाचा उपयोग होईल का? – एक आई

उत्तर : नक्की होईल, ताई. भिवंडीत वाचन मंदिरासारखी जुनी संस्था आहे. तिथे जाऊन बालविभागाची चौकशी करा. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानुसार राज्यातल्या मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. त्यामुळे वर्गणी सहसा आवाक्यातली असते आणि अनामत रक्कम सभासदत्व सोडताना परत मिळते. पत्त्याचा पुरावा सोबत न्या.

पहिल्या दिवशी मुलाला बरोबर घ्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. त्याने सोपे, चित्रांचे निवडले तरी अडवू नका. पाचवीच्या मुलाने चरित्रेच वाचावीत, हा हट्ट मला घातक वाटतो. भा. रा. भागवतांच्या गोष्टींमधला फास्टर फेणे त्याला हमखास पकडेल. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' लहान मुलांचे असले, तरी धाकटे भावंड असेल तर मुलाने ते त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. असे वाचून दाखवताना वाचनाचा वेग आणि आत्मविश्वास दोन्ही वाढतात.

घरी मागांचा खडखडाट असेल, तर सुटीच्या दिवशी एक तास वाचनकक्षातच बसा, आणि तुम्हीही तिथे एखादे मासिक उघडा. १५ ऑक्टोबरला, माजी राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशीच्या कार्यक्रमांची आगाऊ चौकशी करा. हवे ते पुस्तक नसेल, तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी जरूर नोंदवा.