गाडीचा विमा आणि ‘लीगल’चे पन्नास रुपये

मागील उन्हाळ्यात आमच्या गाडीच्या विम्याचे नूतनीकरण करावयाचे होते. विमा प्रतिनिधीचा फोन आला तेव्हा अण्णा राब भाजण्याच्या गडबडीत होते, म्हणून तो मी घेतला. बोलता बोलता त्याने विचारले, “लीगल कव्हर टाकू ना? पन्नास रुपये वाढतील.” मी बांधावरूनच अण्णांना विचारले. “आपल्याला कुठं कोर्टकचेरी करायचीय? नको म्हणून सांग,” असे उत्तर आले आणि मीही तसेच सांगून मोकळा झालो. हे पैसे वकिलाच्या फीसाठी असावेत अशी अण्णांची समजूत झाली होती. माझीही समजूत त्याहून वेगळी नव्हती, आणि मी तर राज्यशास्त्राचा विद्यार्थी!

दुसऱ्या दिवशी प्रस्तावाचा कागद हाती पडला. त्यात नकार दिलेल्या ओळीचा अर्थ होता : ‘पगारी चालकाप्रती असलेले कायदेशीर दायित्व’. ती वाचून मी थोडा चपापलो. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून गाडी ते स्वतः चालवीत नाहीत. शेजारचे एक काका महिना पगारावर आमची गाडी चालवितात. म्हणजे नाकारलेले पन्नास रुपये काकांच्या बाबतीतले होते. हप्ता भरण्यास अजून दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत आमच्या प्राध्यापकांच्या व एका परिचित वकिलांच्या मदतीने जे समजून घेतले, ते येथे मांडतो. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी आता गाडी आहे, तेव्हा हा विषय केवळ माझ्या घरचा नाही.

प्रथम अण्णांच्या शंकेविषयी. इंग्लंडमध्ये मोटारीच्या विम्याला जोडून वकिलाच्या खर्चाचे वेगळे संरक्षण खरोखरच विकले जाते. अपघातात चूक दुसऱ्याची असेल, तर त्याच्यावर दावा लावण्याचा खर्च त्यातून निघतो. आपल्याकडे नेहमीच्या प्रस्तावात ‘लीगल’ म्हणून जे विचारतात ते हे नव्हे. आपल्या गाडीने कोणाला इजा झाली व त्याने आपल्यावर दावा लावला, तर विमा कंपनी आपल्या वतीने बचाव हाती घेऊ शकते, आणि तिच्या लेखी संमतीने झालेला खर्चही तीच देते. हे मूळ विमापत्रातच असते. उलट आपणच दावेदार असलो, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. मुळशीच्या रहिवाशाचा अपघात कोकणात झाला तरी तो आपला दावा पुण्यात लावू शकतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया, मुले व अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तेव्हा वकिलाच्या फीची काळजी आम्ही बाजूला ठेवली.

खरा प्रश्न वेगळाच आहे. गाडीत, गाडीखाली किंवा गाडीसमोर जो मनुष्य सापडतो, तो कायद्याच्या दृष्टीने कोण? आमच्या घरच्यांना सगळी माणसेच दिसत होती. कायदा मात्र त्यांची चार वेगवेगळ्या नावांनी गणना करतो.

रस्त्यावरचा परका मनुष्य, म्हणजे ‘तृतीय पक्ष’, याच्यासाठी विमा काढणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने सक्तीचे आहे. मृत्यू व इजेच्या बाबतीत विमा कंपनीच्या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला खाजगी मोटारीसाठी साडेसात लाखांची आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सी.सी.च्या मोटारीसाठी याचा मूळ हप्ता ३,४१६ रुपये ठरला. अण्णांचा बेत एवढाच विमा काढण्याचा होता. गाडी जुनी, तिला ओरखडा आला तर येऊ दे, असा त्यांचा हिशेब. गाडीपुरता तो मला आजही पटतो.

पण आमची गाडी कधी रिकामी जात नाही. पौडच्या पुढे ताम्हिणीच्या वाटेवर ज्यांची गावे आहेत त्यांना हे सांगणे न लगे. एस.टी. चुकली की लोक हात दाखवितात. पिरंगुटला कारखान्यात जाणारी पोरे, पौडला दवाखान्यात निघालेली म्हातारी, आंबेमोहराचे पोते घेऊन पुण्याला जाणारा कोणी, यांना नाही म्हणणे आमच्या घरात बसत नाही. ताम्हिणीच्या पावसात तर समोरचे वळण दिसत नसते. अशा वेळी गाडी घसरली, तर आत बसलेल्या म्हातारीची भरपाई कोण देणार?

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग खटल्यात असे धरले, की केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या विम्यात खाजगी वाहनावर फुकट बसविलेल्या माणसाची जोखीम येत नाही. तो खटला स्कूटरवर मागे बसलेल्या इसमाचा होता. पुढे १६ नोव्हेंबर २००९ रोजी विमा नियामक प्राधिकरणाने परिपत्रक काढून स्पष्ट केले, की सर्वसमावेशक, म्हणजे ‘पॅकेज’, विम्यात खाजगी मोटारीतील प्रवासी येतात. २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात न्यायालयाने हाच भेद उचलून धरला. तेथे कंपनीच्या मोटारीतून जाणाऱ्या तिच्या व्यवस्थापकीय संचालकाचा दावा होता, आणि विमा कोणत्या प्रकारचा आहे एवढे ठरविण्यासाठी प्रकरण परत न्यायाधिकरणाकडे गेले. संचालकाला जे लागू, ते आमच्या गाडीतल्या म्हातारीलाही लागू. अण्णा ज्या बचतीवर खूश होते, तिचा भार असा तिच्यावर, आणि दावा झाला तर आमच्या जमिनीवर पडणार होता.

येथे एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. काही लोक उतरताना “पेट्रोलला” म्हणून पन्नास-शंभर रुपये सीटवर ठेवतात. खाजगी मोटारीच्या विम्यात भाडे अथवा मोबदला घेऊन वापर करण्यास मनाई असते. ते शंभर रुपये भाडे होते की शेजारधर्म, याचा काथ्याकूट पुढे न्यायाधिकरणासमोर होऊ शकतो. आमच्याकडे यावरून बरीच वादावादी झाली. आई म्हणाली, घेऊच नका.

आता काका. पगारी चालक हा मालकाचा नोकर. कामावर असताना त्याला इजा झाली वा मृत्यू आला, तर भरपाई मालकाने द्यावयाची, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी हिशेबाची रीत तीच आहे : मृत्यू झाल्यास मासिक वेतनाची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला अंक. जुन्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली होती. चाळीस वर्षांच्या माणसाचा अंक १८४.१७. म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, बरोबर १३,८१,२७५ रुपये. हा गुणाकार मी अण्णांसमोर वहीवर केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

१९८८ च्या कायद्याच्या मूळ १४७ व्या कलमात चालकाची ही भरपाई सक्तीच्या विम्यातच धरलेली होती. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम नव्याने लिहिले गेले, तेव्हा जुन्या आधारावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही, असे वकिलांचे मत पडले. शिवाय पन्नास रुपयांच्या जोडकलमात १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखालील व सर्वसामान्य न्यायतत्त्वांनुसार येणारे दावेही समाविष्ट असतात.

राहता राहिला मालक. स्वतःच्या गाडीचा तो तृतीय पक्ष होऊ शकत नाही. त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण त्याला वाहन चालविण्याचा चालू परवाना लागतो. गाडी उसनी नेणारा मित्र वा भाचाही मालकाच्याच जागी उभा राहतो, असे २००९ च्या निंगम्मा खटल्यात ठरले. तेथे उसन्या मोटारसायकलची बैलगाडीशी टक्कर झाली होती. लग्नसराईत गाडी मागावयास येणाऱ्या माझ्या मावसभावांनी हे जरूर वाचावे.

शेवटी आम्ही ‘पॅकेज’ विमा घेतला व चालकाचे पन्नास रुपये त्यात घातले. अण्णा दोन दिवस खर्चावरून कुरकुरले, ते साहजिकच होते. भाताचे पैसे यावयास अजून अवकाश होता. काकांना मात्र ते स्वतःच सांगावयास गेले. कागदपत्रे जुळविताना काकांचा परवाना मागितला, तर त्याची मुदत पुढच्याच महिन्यात संपत असल्याचे आढळले. परवाना नसेल तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन मागाहून मालकाकडून वसूल करू शकते, हे २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यात मी आदल्याच दिवशी वाचले होते. सोमवारी काका आणि मी पहिल्या एस.टी.ने पुण्याला परिवहन कार्यालयात गेलो. गाडी त्या दिवशी घरीच ठेवली.