आपली बोली, आपले नाटक

मुलांनो, नाटकात काम करायचे म्हटले की तुमच्यापैकी काही जण मान खाली घालतात. होय ना? मग हबीब तन्वीर यांची ही गोष्ट वाचा.

तन्वीर यांचा जन्म 1923 साली रायपूरला झाला. 1954 साली त्यांनी दिल्लीत ‘आग्रा बाजार’ हे नाटक बसवले. त्यात उर्दू कवी नज़ीर अकबराबादी यांच्या कविता आहेत. नाटकातल्या काकडीवाल्याची काकडी कोणी घेत नाही. शेवटी त्याला नज़ीर यांची काकडीवरची कविता मिळते. ती गात तो फिरतो आणि काकडी खपते! या नाटकात जामिया मिल्लियाचे विद्यार्थी होते आणि ओखला गावचे लोकही होते.

पुढे तन्वीर यांनी छत्तीसगडचे लोककलावंत नाटकात घेतले. गावात ते कलावंत छान रंगत. पण येथे हिंदी बोलताना अडखळत. कोठे उभे राहायचे, हेही ठरलेले असे. तन्वीर यांना कारण उमगले. त्यांनी कलावंतांना छत्तीसगडी बोलू दिले, मोकळे वावरू दिले. तेच कलावंत खुलले! त्यांचे ‘चरणदास चोर’ हे 1975 सालचे नाटक परदेशातही गाजले.

तुम्हीही आपल्या मोहल्ल्यातला फेरीवाला वर्गात उभा करा. आधी उर्दूत बोला, मग तेच मराठीत बोला. भीती आपोआप जाईल.

शब्दार्थ : खपणे – विकले जाणे. अडखळणे – थांबत थांबत बोलणे. उमगणे – समजणे.

स्वाध्याय
1. काकडी कशामुळे खपली?
2. लोककलावंत केव्हा खुलले?
3. फेरीवाला व गिऱ्हाईक यांचे चार संवाद मराठीत लिहा.