जेटात तार घालू देऊ नका

माझ्या फवारणीच्या पेट्रोल पंपाचं इंजिन गेलं, पिस्टन बदलावा लागेल, असं ज्या मिस्त्रीने छातीठोकपणे सांगितलं, त्याने तोवर प्लगसुद्धा काढून पाहिला नव्हता. हे आधीच लिहून ठेवतो, कारण नंतर गावात उलटंच पसरलं. म्हणे मीच ऑइल चुकीचं टाकलं, मीच पंप जाळला. पंपाच्या टाकीवर 25:1 छापलेलं आहे, म्हणजे लिटरभर पेट्रोलला 40 मिली टू-टी ऑइल. मी मापाने टाकतो, अंदाजपंचे नाही.

लक्षण साधं होतं. दोरी ओढली की पंप सुरू व्हायचा, हळू चालायचा आणि रेस दिली की गुदमरून बंद पडायचा. अर्धा चोक लावून ठेवला तर मात्र चालायचा. चोक हवा अडवतो. हवा अडवल्यावर इंजिन सुधारत असेल तर त्याला पेट्रोल कमी पडतंय, एवढं सरळ गणित आहे. त्यात पिस्टन कुठून आला? दोरी ओढताना हाताला दाब चांगला लागत होता. मी हेच सांगितलं, तर उत्तर मिळालं, "भाऊ, मिस्त्री तुमी का मी?"

दुकानाचं नाव लिहीत नाही. ज्याला समजायचं त्याला समजेल.

दिवस पोळ्याच्या आधीचे. पावसाने उघाड दिलेली, पराटीवर तुडतुडे चढलेले, मजूर सांगून ठेवलेले. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही, हे त्या दुकानदाराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पिस्टन बदलला, रिंगा बदलल्या, पैसे घेतले. पंप घरी आणला, रेस दिली, पुन्हा तसाच गुदमरला. परत नेला तेव्हा कुठे त्याला कार्बोरेटर आठवला. खालची वाटी खोलली तर तळाशी पांढरी भुकटी. इथेनॉलच्या पेट्रोलात पाणी ओढलं गेलं की आतला धातू असाच खाल्ला जातो. ती भुकटी जेटाच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या, भोकात बसली होती. मी पहिल्या दिवसापासून जे म्हणत होतो ते समोर पडलेलं असताना हा माणूस काय म्हणाला? "हे तं असतेच." आणि ब्रेकच्या केबलमधली पोलादी तार उपसून त्याने जेटात खालीवर केली. दात टोकरावे तशी.

त्या दिवसापासून पंप चोकशिवाय चालायला लागला, पण धूर असा की तासात पुढचा माणूस दिसेना. पेट्रोल दुप्पट प्यायचा, आवाज भडभड, प्लग काढला की काळा आणि ओला. फोन केला तर म्हणे नव्या रिंगा बसू द्या. मग म्हणे ऑइल जास्त टाकता. ही ऑइलची कथा तिथून निघाली.

खरा प्रकार कळला तो धुऱ्यावर. शेजारच्या वावरवाल्याकडे हुबेहूब तसाच पंप आहे. त्याची वाटी खोलून जेट काढला, माझाही काढला. दोन्हींवर नंबर एकच. पितळेचे ते एवढेसे तुकडे चिमटीत धरून उन्हाकडे पाहिलं. त्याच्या भोकातून उजेडाचा बारीक, गोल ठिपका आला. माझ्या भोकाचा ठिपका लांबट होता, आणि आतल्या कडेला तारेचा चरा चकाकत होता. शेजारीही बघतच राहिला. पितळ मऊ, तार पोलादाची, दुसरं काय होणार? नवा जेट चहा-नाश्त्याच्या पैशात आला आणि पंप पूर्वीसारखा चालला. म्हणजे पिस्टन, रिंगा, मजुरी, वाया गेलेली उघाड, सगळं जिच्यापायी झालं ती वस्तू तेवढ्या किमतीची होती.

म्हणून सांगतो. जेट तुंबला तर तो सोडवून कार्बोरेटर क्लीनर मारा, सायकलच्या पंपाने हवा मारा. तरी नाही निघालं तर नायलॉनची बारीक तंगूस वापरा. बेंबळा धरणावर गळ टाकणाऱ्या कोणाकडेही तुकडा मिळेल. ब्रशचा एक केसही चालतो. तार, टाचणी, सुई यातलं काही नाही.

आणि तोंडाने फुंकू नका. हे मी रागाने नाही, कळकळीने लिहितो. या पंपाच्या इंजिनावर औषधाचा थर बसलेला असतो, हात त्याच औषधाचे असतात. 2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांची रीघ लागली होती. एवढं होऊनही पंप बंद पडला की तासातच बसून जेट तोंडात धरणारे मी अजून पाहतो. आधी साबणाने हात, मग पाना.

खोलण्याआधी प्लग पाहा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला-काळा असेल तर जास्त येतंय. पंप थोडा वेळ छान चालून मरत असेल तर टाकीचं झाकण ढिलं करून बघा. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते धुळीने बुजलं की पेट्रोल खाली उतरतच नाही, आणि यासाठीही लोकांनी कार्बोरेटर बदललेले आहेत. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटच्या सुईखाली कचरा आहे, नाहीतर फ्लोट फुटलाय. कानाशी हलवला की आत पेट्रोल खळखळतं. नवा जेट टाकूनही चोक लागतोच आहे, तर पॅकिंगच्या सांध्याला थोडं ऑइल लावा. आवाज बदलला की समजा हवा तिथून आत जाते.

पेट्रोलचा संशय असेल तर काचेच्या बाटलीत थोडं काढून रात्रभर ठेवा. इथेनॉलमध्ये पाणी ठरावीक मर्यादेपर्यंत विरघळून राहतं, पुढे दोन्ही मिळून खाली वेगळा थर धरतात. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि कॉक टाकीच्या तळातून ओढतो. म्हणजे इंजिनात बिनऑइलचं पाणीच गेलं. वीस टक्के मिश्रणाचं कौतुक आम्हीही ऐकतो, पण जुन्या पंपाचं काय करायचं हे सांगायला कोणी आलं नाही. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वाटीत थेंब ठेवू नका.

नव्या गाड्या एप्रिल 2020 पासून बीएस-6 झाल्या, बहुतेकांचा कार्बोरेटरच गेला. दुकानांतल्या पोरांना तो शिकायला मिळत नाही, हे मान्य. पण येत नसेल तर येत नाही म्हणावं.

बाकी नेहमीचंच: काम द्यायच्या आधी भाव ठरवा, ओळखीच्या दुकानात जा. मी ओळखीच्याच दुकानात गेलो होतो. त्यापेक्षा हे करा, काय काय बदललं ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग तिथल्या तिथे परत मागा. माझा जुना पिस्टन मी नंतर मागितला, कोणाला तरी दाखवून घ्यावा म्हणून. तर म्हणे, "भंगारात गेला नं भाऊ तो."