कडुनिंब आणि चांदी

चैत्र शुद्ध प्रतिपदेस महाराष्ट्रात घरोघरी गुढी उभारतात. वेळूच्या काठीस रेशमी वस्त्र, कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची माळ बांधतात व वर चांदीचा अथवा तांब्याचा गडू पालथा घालतात. गुढीवर कडुनिंब आणि चांदी अशी शेजारी येतात. प्रयोगशाळेतही या दोघांची गाठ पडली, तिची ही हकीकत आहे.

चांदीच्या अंगी जंतुनाशक गुण आहे, ही गोष्ट जुनीच. जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल क्रेडे या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब घालण्याची रीत सुरू केली. त्यामुळे कितीतरी बालकांची दृष्टी वाचली. पण चांदीचे जंतूंवर कार्य घडते ते तिच्या पृष्ठभागावरून. मोठ्या तुकड्यातील बहुतेक चांदी आतल्या आत दडून राहते. मग तिचे अतिसूक्ष्म कण केले तर?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण हे नाव आहे. बाजू १ सेंटिमीटर असलेल्या चांदीच्या घनाचा पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर भरतो! चांदी तेवढीच, परंतु तिचे सामर्थ्य मात्र पुष्कळ वाढते.

असे कण नुसते कुटून किंवा घासून सहजी होत नाहीत. चांदीचा क्षार पाण्यात विरघळवून त्यातील चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात. तेव्हा चांदीचे अणू बनतात व एकत्र येऊन कण होतात. या कामासाठी पुष्कळदा तीव्र आणि विषारी रसायने वापरीत. तेच काम एखाद्या वनस्पतीने केले तर?

पुण्यास १९५० साली स्थापन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तेथील डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद व त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न हाती घेतला. २००३ साली त्यांनी जिरेनियमच्या पानांच्या अर्काने चांदीचे नॅनोकण बनवून दाखविले, आणि २००४ साली कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने चांदीचे व सोन्याचेही कण तयार केले. काढा व चांदीच्या क्षाराचे द्रावण एकत्र केले की मिश्रणाचा रंग हळूहळू पालटतो. प्रथम पिवळसर, मग तपकिरी छटा उमटते. नॅनोकणांतील इलेक्ट्रॉन प्रकाशातील जांभळा-निळा भाग शोषून घेतात, म्हणून हा रंग दिसतो. पानांतील शर्करा व अन्य द्रव्ये इलेक्ट्रॉन देतात, आणि काही द्रव्ये कणांभोवती लेप धरून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत, असे शास्त्रज्ञ मानतात. वनस्पतींच्या साह्याने चालणाऱ्या या रीतीस ‘हरित संश्लेषण’ म्हणतात.

या कणांपासून चांदीचे आयन सावकाश सुटतात. ते जंतूच्या आवरणास इजा करतात व त्याच्या प्रथिनांना जखडून टाकतात. आज कित्येक जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. अशा वेळी जखमेवरील पट्ट्यांत चांदीचा उपयोग होतो.

परंतु रीत हरित असली तरी चांदी ती चांदीच. ती फार दिवस पोटात गेल्यास त्वचा कायमची निळसर-करडी होते. नदीनाल्यांत मिसळल्यास ती मासे आणि उपयुक्त जंतू यांनाही सोडीत नाही. शस्त्राला धार आणणे ही विद्या खरी. पण ते कोठे चालवावे व कोठे म्यान करावे, हे जाणणे हा विवेक होय. कडुनिंबाने चांदीला धार दिली. विवेक मात्र माणसानेच दिला पाहिजे.

स्वाध्याय

१. चांदीचे नॅनोकण केल्याने तिचे सामर्थ्य का वाढते?
२. मिश्रणाचा रंग पालटण्याचे कारण स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. ‘रीत हरित असली तरी चांदी ती चांदीच’ या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
४. ‘दाद न देणे’ हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.