दांडीच्या बुटातलं रांगणं

पोरी, तेवीस तास सांगितले असतील तर तेवीसच धर. क्लबफूटचं, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पावलाचं, शेवटचं प्लास्टर निघाल्यावर पहिले तीन महिने दिवसरात्र बूट आणि मधली दांडी, उरलेला एक तास आंघोळीचा. या एका तासावरून घराघरांत कुरबुरी होतात. सासूबाई म्हणतात, पोर अवघडलं असेल, जरा दुपारभर मोकळं सोड. नणंद म्हणते, असं बांधून ठेवलं तर पालथं कधी पडायचं? दोघींचाही जीव बाळात अडकलाय, म्हणून उलट बोलू नकोस. पण बूटही काढू नकोस. प्लास्टरने पाय सरळ झाला तरी आतल्या बाजूचे स्नायुबंध त्याला पुन्हा जुन्या वळणाकडे ओढत असतात. पाय परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बूट वेळेआधी सुटणं.

बुटाचे तास कापून बाळाला लवकर चालवायला जाऊ नकोस, आणि बूट आहेत म्हणून त्याला दिवसभर मांडीवर घेऊनही बसू नकोस. माझं सांगणं एवढंच. पुढचं सगळं ते जमवायचं कसं याचं आहे.

आधी महिने मोजू. उपचार जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत सुरू झाले असतील तर दर आठवड्याला एक अशी पाच-सहा प्लास्टरं, मग बहुतेक बाळांना टाचेमागची नस मोकळी करायचा छोटा छेद, आणि त्यावर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. म्हणजे बूट येतात तेव्हा बाळ अडीच-तीन महिन्यांचं असतं आणि तेवीस तासांची पाळी संपते तेव्हा साडेपाच-सहा महिन्यांचं. रांगण्याचे दिवस त्याच्या पुढचे. तोवर बूट रात्रीच्या झोपेपुरते आणि दुपारच्या झोपेपुरते उरतात, आणि तेवढे मात्र चार-पाच वर्षांचं होईपर्यंत राहतात. जागेपणीचा दिवस बाळाचा. "बुटात रांगणार कसं?" या प्रश्नाने तू आत्ता झोप घालवतेयस, तो प्रश्न बऱ्याच बाळांच्या वाट्याला नीटसा येतच नाही. उपचार उशिरा सुरू झाले असतील तर मात्र बूट आणि रांगणं एकाच वेळी गाठ पडतात; तेव्हा हाच हिशेब डॉक्टरांसमोर मांडायचा, घरात नाही.

आता बाळाच्या हालचाली उशिरा होण्याचं. अंगणवाडीत आम्ही जे वजनाचे तक्ते भरायचो त्यामागची जागतिक आरोग्य संघटना, तिने २००६ साली पाच देशांतली मुलं पाहून हालचालींच्या टप्प्यांचे महिने छापले. त्यात दिल्लीतली मुलंही होती. धडधाकट मुलं आधाराशिवाय बसली ती चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत केव्हाही. एकटी चालली ती आठव्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत. शंभरातली चारेक तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. जावेचं मूल दहाव्या महिन्यात चाललं म्हणून तुझं मागे पडलं असं त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नाही. क्लबफूटवर पोन्सेटी पद्धतीने, म्हणजे अशाच प्लास्टर-बुटांनी, उपचार झालेली मुलं सरासरी महिना-दोन महिने उशिरा चालतात आणि बहुतेक सगळी दीड वर्षाच्या आत चालतात. हे आमच्या गावगप्पांतलं नाही, पाहणी करून मांडलेलं आहे. बाळ दिवसांआधी झालं असेल तर महिने जन्मापासून नको, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोज.

पहिले दोन-तीन दिवस बाळ रडेल. दुखतं म्हणून कमी, पाय सुटे हलत नाहीत म्हणून जास्त. पोटातून आल्यापासून त्याला एक पाय इकडे, एक तिकडे झाडायची सवय. दांडीने दोन्ही पाय एका जोडीत आले. ते त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. उताणं ठेव, दांडी मधोमध धर, आणि दोन्ही गुडघे एकदम पोटाकडे वाकव, मग एकदम सरळ कर. गाणं म्हणत कर, घाई करू नकोस. दिवसातून बऱ्याच वेळा, लंगोट बदलला की हमखास. चार-सहा दिवसांत बाळ स्वतःच दोन्ही पाय मिळून झाडायला लागतं आणि दांडी पलंगावर आपटून सगळ्या घराला उठवतं. तो आवाज आला की समज, जमलं. रडलं की बूट काढायचे, हे मात्र एकदाही करू नकोस. रडलं की सुटका होते हे शिकायला बाळाला फार वेळ लागत नाही.

पालथं घालणं बुटातही चालतं, उलट जास्तच हवं. बाळ जागं असताना आणि कुणीतरी शेजारी असतानाच. झोपताना मात्र पाठीवर. छातीखाली जुन्या लुगड्याची मऊ गुंडाळी दे, हात पुढे काढ. सुरुवातीला आजोबांच्या छातीवर पालथं टाकलं तरी चालतं. त्यांची पेपर वाचायची वेळ बरी, दोघंही गप्प राहतात. मान धरणं, खांदे उचलणं, हातांवर जोर देणं यात पावलांचं काही काम नाही. बूट आले म्हणून पालथं घालायचं बंद करतात आणि मग मान उशिरा धरली की खापर बुटांवर फोडतात.

पालथं पडताना बाळ एरवी एक पाय दुसऱ्यावरून टाकतं. दांडीत ते जमत नाही, म्हणून कमरेतून वळावं लागतं. तू गुडघे पोटाशी वाकव, दोन्ही पाय मिळून एका कुशीवर ने आणि खुळखुळा त्या बाजूला थोडा लांब वाजव. खांदा आणि हात ते स्वतःच आणेल. पाठीमागे दुपट्याची वळकटी ठेवलीस तर कुशीवर टिकतं आणि तिथून पुढे जायचा धीर येतो. एकदा जमलं की दांडीचं वजनच त्याला पुढे नेतं, म्हणून त्या दिवसापासून पलंगावर एकटं ठेवणं बंद.

बसायला दांडी आड येत नाही. पाय खांद्यांएवढे रुंद राहतात, त्यामुळे बूड जमिनीवर चांगलं टेकतं आणि काही बाळं बुटात लवकर स्थिर बसतात. पण बूट काढल्यावर तेच बाळ डुगडुगतं, म्हणून मोकळ्या वेळात बिनबुटाचंही बसव, मागे उशी ठेवून.

रांगण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथेच घरं चुकतात. सहाव्या-सातव्या महिन्यात दिवस मोकळा मिळाला की बाळ जमिनीवर हवं. गादी नको, मऊ गादीत गुडघा रुततो. फरशीवर सतरंजी अंथर आणि तिच्या कडा सरकणार नाहीत असं बघ. चकचकीत टाइल्सवर उघडे गुडघे घसरतात आणि बाळ रडून तिथेच बसतं. मग आई उचलते, आणि त्या दिवसाचं रांगणं संपतं. दुपारची झोप मोडून बाळ बुटातच खेळायला लागलं तर काय, असं विचारशील. खेळू दे. काही बाळं दांडीसकट पोटावर सरपटतात, काही दोन्ही गुडघे एकदम पुढे घेऊन बेडकासारखी उडी मारत घरभर फिरतात. दिसायला गंमतशीर, पण ते रांगणंच आहे. दांडीला जुन्या दुपट्याची पट्टी गुंडाळ किंवा सायकलच्या हँडलचा फोम लाव, म्हणजे फरशीही वाचते, बाळाच्या दुसऱ्या नडगीलाही लागत नाही, आणि रात्री शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याच्या बरगड्याही सलामत राहतात. पाळण्याच्या कठड्याच्या फटी दांडी अडकण्याइतक्या आहेत का बघ. अरुंद झोळी तर या बाळाला नकोच. पाय आवळले जातात आणि वळायलाही जागा उरत नाही.

चाकांचा गोल वॉकर कुणी भेट आणलाच तर माळ्यावर टाक. कॅनडाने २००४ साली त्याच्यावर बंदीच आणली, इतकी पोरं त्यातून जिन्यावरून गडगडली. बाळ त्यात चवड्यांवर ढकलत जातं आणि या पायाला टाच टेकायची सवय हवी, चवड्याची नको. पांगुळगाडा वेगळा. उभं राहून आधाराने पावलं टाकायला लागल्यावर तो द्यायला हरकत नाही, मागे कुणी असेल तर.

उभं राहायला खुर्चीपेक्षा दिवाण बरा, कडा छातीएवढी येते. दिवसा पाय अनवाणी. चालताना घालायला वेगळे डॉक्टरी बूट लागतात असं दुकानदार सांगेल. साध्या चपला-बुटांत भागतं, घरात तेही नको. आणि उकिडवं बसवायची संधी सोडू नकोस. जमिनीवर वाटी-चमचा मांडून ठेव, मूल आपोआप उकिडवं बसून खेळतं. टाचा टेकून उकिडवं बसलं की पोटरी आणि टाचेमागची नस ताणली जाते. बाहेरच्या देशांत हा व्यायाम म्हणून शिकवावा लागतो, आपल्याकडे अंगणात फुकट होतो. आणि त्यात तपासणीही होते. आधी टेकणारी टाच हळूहळू उचलली जायला लागली, किंवा चालताना पाय आत वळला, पावलाची बाहेरची कड आधी टेकली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता घेऊन जा.

बूट घालतानाचं थोडं. पायमोजे सुती, पायापेक्षा फार मोठे नकोत, सुरकुती एकही नको. ज्या पायाचं वळण जास्त होतं तो आधी. टाच खाली बसली की पट्टा, मग नाड्या. आत बोटं कुठवर येतात तिथे तळव्यावर पेनाने रेघ मारून ठेव; उद्या बोटं रेघेच्या मागे दिसली तर टाच वर निसटलीय. बूट काढल्यावर फिकट लाली चालते. टाचेमागे भडक लाल दिसलं तर बूट बहुधा सैल आहे आणि टाच आत घासतेय. घट्ट झाला समजून आणखी सैल करतात आणि फोड येतो. लाल जागेवर तेल, क्रीम, काहीही लावू नकोस, कातडी मऊ पडून लवकर सोलते. मालीशवाल्या बाईंना मांड्या, पाठ, हात हवे तेवढे चोळू दे, पावलं तेवढी वगळ. आणि पाऊल धरून "सरळ करून देते" म्हणाल्या तर हात धर. उन्हाळ्यात पायाला घाम येतो, मोजे दिवसातून दोनदा बदल. दांडीवरून पायजमा जात नाही, लांब झबलं शिव. दांडीचे स्क्रू आठवड्याला एकदा आवळून बघ.

ग्रहणात विळीवर बसलीस म्हणून झालं, असं म्हणणारं कुणीतरी बारशालाच भेटलं असेल. हजारातल्या एखाद्या बाळाला हे असतं, मुलींपेक्षा मुलांना दुप्पट, आणि विळीचा त्याच्याशी संबंध नाही. तू काही केलंस म्हणून झालेलं नाही. लग्नाकार्यात फोटोपुरते बूट काढा म्हणतील. धाकट्या दिराला सांग, फोटो कमरेच्या वरचा काढ.

काही गोष्टी बुटांच्या माथी मारायच्या नसतात. चार महिने होऊन मान लटकते, नऊ महिने होऊन आधाराशिवाय बसत नाही, एकच हात चालतो, अंग फार ढिलं किंवा फार ताठ लागतं, दीड वर्ष होऊनही एकटं पाऊल टाकत नाही, यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखव. "पाय वाकडे होते ना, म्हणून उशीर" असं कुणी परस्पर सांगितलं तर ऐकून सोड. क्लबफूट एरवी पावलांपुरता असतो. बाकी काही असेल तर त्याचा तपास वेगळा होतो. खर्चाने अडलं तर तालुक्याच्या दवाखान्यात विचार. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे, आणि अंगणवाडीत तपासायला येणाऱ्या पथकाला नुसतं सांगितलं तरी चिठ्ठी मिळते.

बूट लहान होतात ते नेमके अडचणीच्या वेळी. बोटं पुढच्या कडेवरून खाली वळायला लागली की पुढचं माप लागतं, आणि पहिल्या वर्षात हे भराभर होतं. दिवाळीत ओपीडी बंद असते, ज्या दिवशी क्लबफूटचे डॉक्टर येतात तो वारही नेमका सुट्टीत जातो, आणि मापाचे बूट हाताशी नसतील तर आठवडा-पंधरवडा पाय मोकळा राहतो. म्हणून नवरात्रातच फोन करून पुढचं माप सांगून ठेव, आणि जुने बूट टाकू नकोस. धुऊन, वाळवून दवाखान्यात परत दे, तिथे मागे रांगेत कुणी ना कुणी असतंच.