शाळेची पायरी आणि आपला पालक

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत शाळेत शिकत होते, तेव्हा परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. वडील सुभेदार रामजी रात्री दोनला मुलाला अभ्यासासाठी उठवीत. पुस्तकाला पैसे नसले की विवाहित मुलींकडून उसने आणीत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत. रामजीबाबा स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. शाळा म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. आज आपल्या वस्तीतील प्रत्येक पालकाला ते ठाऊक आहे काय?

आपल्या वस्तीत सफाई कामगार आहेत, घरकाम करणाऱ्या भगिनी आहेत, नाका कामगार आहेत, तसेच कचेरीत नोकरी करणारेही आहेत. शेजारी कानडी, तेलुगू, हिंदी, उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत. मुलाला मोठ्या आशेने इंग्रजी शाळेत घातले जाते. पण डायरीतील सूचना वाचणारे घरात कोणी नसते. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला. गेले तर रोज बुडतो, न गेले तर ‘पालकांना आस्था नाही’ असा शेरा बसतो. शाळेचे बोलावणे येते तेही बहुधा तक्रारीसाठी. ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसविले गेले, त्यांचे पाय शाळेच्या पायरीशी अडखळतात. ही अनास्था नव्हे, हा संकोच आहे.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला आहे. पूर्व दिशा म्हणजे मातापिता, दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. आईवडिलांनी मुलाला वाईटापासून परावृत्त करावे, विद्या व कला शिकवाव्यात. आचार्यांनी हातचे न राखता शिकवावे, शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करावे. या दोन दिशांची एकमेकींना ओळख नसेल, तर मधले मूल कोणाकडे पाहील?

कायदाही आपल्या बाजूस आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, असे कलम २१ सांगते. शाळेच्या कामावर देखरेख करणे, विकास आराखडा बनविणे, अनुदानाचा विनियोग पाहणे, ही या समितीची कामे आहेत. मात्र यादीत नाव आणि सभेत मौन, असे झाले तर हा हक्क कागदावरच राहील.

म्हणून आम्ही काही गोष्टी सुचवितो :

१. शिक्षक बंधुभगिनींनी वर्षातील पहिली भेट तक्रारीची ठेवू नये. मुलाचा एखादा चांगला गुण सांगण्यासाठी पालकांना बोलवावे. सभा रविवारी किंवा सायंकाळी घ्यावी.

२. पालकांनी, अक्षरओळख नसली तरी, महिन्यातून एकदा शाळेत जावे. ‘माझे मूल वर्गात बोलते का?’ एवढे विचारायला शिक्षण लागत नाही.

३. वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी विहारात दर रविवारी तासभर बसून शाळेच्या सूचना वाचून दाखवाव्यात, अर्ज भरून द्यावेत. जात, धर्म, भाषा न विचारता जो येईल त्याला मदत करावी.

शेवटी आमचीही चूक कबूल करतो. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आम्ही थाटात करतो. परंतु आठवीत शाळा सोडलेल्या मुलाच्या घरी आमच्यापैकी किती जण गेले? ज्या आईला शाळेत एकटीने जाण्याची भीती वाटते, तिच्यासोबत जाणे हेही धम्मकार्यच आहे. यंदा सत्काराचे हार थोडे कमी आणू, पण त्या घरांची दारे ठोठावू. बाबासाहेबांनी दिलेल्या ‘शिका’ या आदेशाचा आरंभ तेथूनच होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!