बगळ्यांची वीण आणि गावची झाडे

पावसाने तळी भरू लागली की काठावरच्या चिंचेवर, वडावर वा बाभळीवर बगळ्यांची लगबग सुरू होते. गायबगळा, ढोकरी, रातबगळा अशा निरनिराळ्या जातींचे पक्षी एकाच झाडावर शेजारी शेजारी घरटी बांधतात. अशा सामूहिक वीण-वसाहतीस मराठीत 'सारंगागार' असे समर्पक नाव आहे. जांभळा बगळा मात्र बहुधा पाणकणसाच्या दाट बेटात घरटे करतो.

महाराष्ट्रात यांपैकी बहुतेकांची वीण पावसाळ्यात होते, ती अन्नाच्या सुबत्तेमुळे. या दिवसांत उथळ पाण्यात मासे व बेडूक आणि कुरणांत नाकतोडे विपुल असतात. नर काटक्या आणून देतो, मादी त्या रचते. साधारणतः तीन ते पाच फिकट निळसर अंडी दोघेही आळीपाळीने उबवितात. सुमारे साडेतीन आठवड्यांनी पिले बाहेर येतात. सर्व अंडी घालून होण्यापूर्वीच उबवणी सुरू होत असल्याने पिले एकाच दिवशी जन्मत नाहीत. अन्न मुबलक असले तर सारी जगतात. पाणथळ आटली तर उपासमार प्रथम धाकट्या पिलाची होते. म्हणूनच झाड आणि उथळ पाणी या दोहोंपैकी एक जरी नाहीसे झाले, तरी सारंगागार उठून जाते.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ निर्माण झाली. २०२० साली तिला रामसर स्थळाचा दर्जा जाहीर झाला. राज्यातील हे पहिलेच रामसर स्थळ होय. परंतु बगळे अभयारण्यातच राहतात असे नाही. पुष्कळ सारंगागारे गावठाणात, शाळेच्या आवारात वा रस्त्याकडेच्या झाडांवर असतात. विष्ठेच्या दुर्गंधीची तक्रार येते, ऐन श्रावणात फांद्या छाटल्या जातात आणि उडता न येणारी पिले जमिनीवर पडून मरतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या संज्ञेत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांस इजा पोहोचविणे हेही अंतर्भूत आहे, याची जाणीव सर्व संबंधितांनी ठेवावयास हवी. छाटणी आवश्यकच असेल तर ती घरटी बांधण्यापूर्वी, उन्हाळ्यात उरकावी. अन्यथा पिले उडून जाईपर्यंत थांबावे. ग्रामपंचायतीने अशा झाडांची नोंद ठेवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून दुरूनच घरट्यांची वार्षिक मोजणी करून घ्यावी. दोन-तीन महिन्यांचा हा संयम गावाला फारसा जड जाणार नाही. पिलांचे जगणे मात्र त्यावरच अवलंबून आहे.